‘तिसरा प्रवाह’ : एक संज्ञा आणि तिचा कर्ता

काही संज्ञा अशा रूढ होतात की, त्या घडविणाऱ्याच्या अभिप्रायाच्या नेमका विरुद्ध अर्थ त्यांना चिकटतो. अमेरिकन संगीतरचनाकार गुंथर शुलर (१९२५–२०१५) यांनी १९५७ साली ब्रँडाइस विद्यापीठातील व्याख्यानात योजिलेली ‘तिसरा प्रवाह’ ही संज्ञा त्यांपैकीच होय. जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत या दोहोंची तत्त्वे सामावणारे संगीत, एवढाच तिचा आशय. मराठी वाचकास येथे ‘संगम’ हा शब्द सहज सुचेल. पण तोच टाळावयास हवा. संगमानंतर दोन नद्यांची एकच नदी होते. शुलर यांना पहिले दोन्ही प्रवाह आपापल्या पात्रांतून वाहतच राहावयास हवे होते; ‘तिसरा’ या विशेषणाचे सारे प्रयोजन तेच. दोन भाषांच्या संपर्कातून नवी बोली निपजली म्हणून मूळ भाषा लोप पावतातच असे नाही, हे भाषाभ्यासकास सांगणे नकोच. तरीही गैरसमज इतके माजले की, १९८१ साली शुलर यांना हे संगीत काय नव्हे याचीच यादी द्यावी लागली : जॅझला तंतुवाद्यांची जोड दिली म्हणजे ते होत नाही, आणि जॅझ किंवा अभिजात संगीत नाहीसे करणे हा त्याचा हेतू नाही.

दोन्ही परंपरा त्यांनी आतून पाहिल्या होत्या. वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिनवादक. मुलाने शालेय शिक्षणही पुरे केले नाही; मात्र वयाच्या सतराव्या वर्षी तो सिनसिनाटीच्या वाद्यवृंदात प्रमुख हॉर्नवादक झाला. १९४५ ते १९५९ ते मेट्रोपोलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदात होते, आणि त्याच काळात, १९५० साली, माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणातही त्यांनी हॉर्न वाजविला.

माझ्या मते त्यांचे सर्वांत विचारप्रवर्तक कार्य रचनेपेक्षा लेखनात आहे. १९५८ साली सॉनी रोलिन्स यांच्या ‘ब्लू सेव्हन’ या वादनाचे विश्लेषण करून, तत्क्षणी स्फुरलेले वादनही एखाद्या बीजस्वरावलीतून सुसंगतपणे वाढू शकते, असे त्यांनी दाखविले. ‘अर्ली जॅझ’ (१९६८) या ग्रंथात तर ध्वनिमुद्रिका ऐकून केलेली स्वरलेखने पुराव्यादाखल मांडली आहेत. बोलीभाषांच्या नोंदी घेणाऱ्यास यातील अडचण ओळखीची वाटेल. स्वरलिपी स्वराची उंची व कालमान टिपते. पण तो ठोक्याच्या किंचित मागेपुढे कोठे पडला, पुढील स्वरास कसा जोडला गेला, म्हणजे ज्यास ‘स्विंग’ म्हणतात ते, तिच्या हाती पुरतेपणी लागत नाही. आणखी एक आक्षेप घेता येतो : उत्स्फूर्त वादनाची थोरवी बीजविस्ताराच्या एकसंधतेने मोजणे, ही लिखित परंपरेचीच मोजपट्टी नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु जॅझ गंभीर विश्लेषणास पात्र आहे की नाही याविषयीच जेव्हा शंका घेतली जात होती, तेव्हा ही मोजपट्टी उपयोगी पडली, हेही खरे.

१९६७ ते १९७७ या काळात बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचे अध्यक्ष असताना त्यांनी हाच विचार अभ्यासक्रमात उतरविला. १९६९ साली तेथे जॅझचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे रॅन ब्लेक यांच्याकडे ‘तिसऱ्या प्रवाहा’चा स्वतंत्र विभाग सोपविण्यात आला. शुलर यांना १९९४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या विभागाचे नाव मात्र पुढे बदलून ‘समकालीन उत्स्फूर्तवादन’ अशा अर्थाचे करण्यात आले, आणि प्रवाहांची मोजदाद शीर्षकातून गेली.