पाणीच पाण्याला अडविते

नळ गळू लागला की पाण्याचा दाब वाढला असेल, असे आपण सहज म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात पोलादपूर तालुक्यातील कापडे गावी एका परिचितांकडे मात्र उलटाच प्रकार दिसला.

त्यांचे कपडे धुण्याचे यंत्र पावसाळ्यात टेकडीवरील टाकीच्या नळाला जोडलेले होते. तेव्हा ते मुळीच गळत नसे. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी झाले, म्हणून ते न्हाणीघराच्या स्लॅबवरील लहान टाकीला जोडले. तेव्हापासून यंत्र बंद असतानाही आत थेंब थेंब पाणी पडू लागले. झडप नवी बसविली, तरी गळती थांबेना! सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४ लिटरांहून अधिक पाणी जाते. हंडा-हंडा पाणी जपण्याच्या दिवसांत हे नुकसान थोडे नाही.

प्रथम आम्ही प्लग काढला. थेंब चालूच राहिले. म्हणजे दोष विजेच्या भागात नव्हता.

आता झडपेची रचना पाहू. तिच्यात रबराचा एक पडदा असतो. पडद्याला कडेला एक सूक्ष्म छिद्र असते व मध्यभागी दुसरे, थोडे मोठे. मधल्या छिद्रावर स्प्रिंगने दाबलेला लहान दट्ट्या बसतो. वीज सुरू होताच विद्युतचुंबक दट्ट्या वर ओढतो, पडद्यावरचे पाणी मधल्या छिद्रातून निघून जाते, वरचा दाब घटतो आणि खालचे पाणी पडदा उचलते. वीज बंद होताच दट्ट्या खाली येतो. कडेच्या छिद्रातून पाणी पुन्हा वर साठते आणि आपल्या दाबाने पडदा निर्गम-मार्गावर घट्ट बसविते.

हा मार्ग ०.८ चौरस सेंटिमीटरचा आहे असे समजा. १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम-भार असतो. टेकडीवरील टाकी २० मीटर उंच असेल, तर पडदा १.६ किलोग्रॅम-भाराने दाबला जाईल. स्लॅबवरील टाकीतले पाणी झडपेहून दीडच मीटर उंच होते. तेथे हा जोर अवघा १२० ग्रॅम-भार! एवढ्याने रबर नीट बसत नाही. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो. तो ०.३ बार असेल, तर पाणी किमान ३ मीटर उंच हवे.

गाळाने कडेचे छिद्र बुजले, तरीही झडप मिटत नाही. म्हणून प्लग काढून, नळ बंद करून नळी सोडवावी, तोंडाशी असलेली जाळी पकडीने हलकेच काढून जुन्या दातब्रशने धुवावी आणि नळीतील रबरी वॉशर तपासून परत जोडावी. आम्ही हे केले. थेंब कमी झाले, पण थांबले नाहीत. लोखंडी स्टँडवर टाकी दोन मीटर उंच चढविली, तेव्हाच ते थांबले. शिवाय धुणे संपताच हाताचा नळ बंद करण्याची सवय त्या घराने लावून घेतली.

तुमच्या शाळेत एखादा नळ गळत असेल, तर त्याखाली मोजपात्र १० मिनिटे ठेवा. जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा. येणारा आकडा फळ्यावर लिहा आणि मगच वॉशर बदलायला घ्या.