माग थांबला, व्याज नाही

नवरीच्या अंगावरचा शालू बनारसचा, हे आपल्याला ठाऊक असतं. पण तो दुकानात येईपर्यंत त्याच्यामागे किती जणांची देणी उभी असतात, हे कधी मोजलंय?

चला, मागे जाऊ. रेशीम बंगळुरूकडून किंवा थेट चीनहून येतं, जरीची तार सुरतेहून, आणि बरेचदा उधारीवर. मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा या मोहल्ल्यांतले कितीतरी विणकर गिरहस्त्याकडून, म्हणजे काम वाटणाऱ्या बड्या विणकराकडून, उचल घेऊन मागावर बसतात. चौकाजवळच्या गल्ल्यांतला गद्दीदार, म्हणजे व्यापारी, माल घेतो आणि हातावर टेकवतो पुढच्या तारखेचा चेक. तोवर घर चालवायचं कसं? मग थोडे पैसे कापून घेऊन तो चेक दुसराच कुणीतरी विकत घेतो! बँकेत पोचण्याआधीच चेक नोटेसारखा गल्लीत फिरू लागतो. इकडे गद्दीदाराचं बँकेत कॅश क्रेडिट खातं, तिकडे दादरच्या दुकानदाराचंही. एवढी सगळी उतरंड उभी कशावर? वैशाखात लग्नं होणारच, या खात्रीवर.

२०२० साली अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती. कोविडमुळे देश बंद झाला २४ मार्चच्या मध्यरात्री, आणि वैशाखातल्या लग्नांची ती खात्रीच गेली.

आता गंमत बघा. कुणी कुणाला फसवलेलं नाही, माल चोख आहे, तरी सगळेच एकाच वेळी थकबाकीदार! आणि बँकेचं घड्याळ तर कडक. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादित. मग दर १०० रुपयांमागे निदान १५ रुपये बँकेने नफ्यातून बाजूला काढायचे. अशी हजारो खाती एकदम बुडीत ठरली तर बँकेचं भांडवल आटतं, ती हात आखडते आणि ज्याचा धंदा धडधाकट आहे त्यालाही कर्ज मिळेनासं होतं. रोग फुप्फुसाचा, आणि धाप लागते ताळेबंदाला!

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेने काय केलं? घड्याळच थांबवलं. १ मार्चपासूनचे हप्ते आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली. पावसाने सामना थांबावा तसे ते ९० दिवस मोजायचेच थांबले. व्याज मात्र चढतच होतं. त्या काळातलं व्याजावरचं व्याज सर्वांसाठी रद्द व्हायला मार्च २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मे २०२० मध्ये केंद्राने लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींची हमी योजना आणली. बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के आणखी कर्ज, तेही नव्या तारणाशिवाय. बुडालं तर सरकार भरणार.

जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता की बुडीत कर्जं ८.५ टक्क्यांवरून मार्च २०२१ पर्यंत १२.५ वर जातील. प्रत्यक्षात आकडा आला साधारण ७.५! सवलती, पुनर्रचना, निर्लेखन आणि हमी या सगळ्यांचा त्यात वाटा होता. शतकातून एखाद्या वेळी येणाऱ्या तडाख्यात बँका उभ्या राहिल्या, हे अफाटच काम.

पण हा आकडा बँकांच्या वह्यांतला. विणकराची उचल त्यात नव्हतीच. हप्ते लांबवायची सवलत बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जदारांना होती; गिरहस्त्याच्या वहीला ती लागू झाली नाही.