उच्चारित इंग्रजीतील षष्ठीचे वचन

'फार्मर्झ लँड' हे शब्द केवळ कानांनी ऐकले असता जमीन एका शेतकऱ्याची की अनेकांची, हे ठरविता येत नाही. लेखनात षष्ठीचे चिन्ह 'स'काराच्या आधी आल्यास एकवचन व नंतर आल्यास अनेकवचन समजावे, असा संकेत आहे. परंतु त्या चिन्हास उच्चार नाही. साधे अनेकवचनही 'फार्मर्झ' असेच असल्याने एका ध्वनिरूपास तीन कार्ये करावी लागतात.

याचे कारण ऐतिहासिक आहे. प्राचीन इंग्रजीतील सबल पुल्लिंगी नामांस षष्ठीच्या एकवचनी '-एस्' व अनेकवचनी '-अ' असे भिन्न प्रत्यय लागत. पुढे दुसरा लोपला आणि 'स'कारच दोन्ही वचनांत रूढ झाला. मराठीत मात्र संस्कृत '-आनाम्', प्राकृत '-आणं' या मार्गाने आलेली अनेकवचनाची खूण सामान्यरूपावरील अनुस्वारात टिकून आहे. 'चा-ची-चे' हा प्रत्यय स्वामित्वाच्या वस्तूचे लिंगवचन दाखवितो. स्वामी एक की अनेक, हे अनुस्वारच सांगतो. म्हणूनच १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, तरी हा राखला. अर्थात 'पाटलांची जमीन' यासारख्या आदरार्थी प्रयोगात मराठीही संदिग्ध होते.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या जमातींची वस्ती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक व सामूहिक असे दोन्ही प्रकारचे हक्क मान्य केले. तेव्हा 'वननिवासीचा हक्क' आणि 'वननिवासींचा हक्क' यांत एका कुटुंबाच्या शेतजमिनीपासून साऱ्या गावाच्या जंगलापर्यंतचे अंतर पडते. हीच गोष्ट इंग्रजीत 'फॉरेस्ट ड्वेलर्झ राइट्स' अशी उच्चारली की ते अंतर ऐकू येत नाही.

बोलणारा इंग्रज ही उणीव अन्य साधनांनी भरून काढतो. स्वामीवाचक नामापूर्वीचे 'अ' वा 'एव्हरी' एकवचन सुचविते. 'राइट्स ऑफ द फॉरेस्ट ड्वेलर्झ' अशी रचना संदेह मिटविते. 'चाइल्ड्झ' व 'चिल्ड्रन्झ' यांसारख्या अनियमित रूपांत भेद आपोआप ऐकू येतो. महाराष्ट्रात २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्या अध्यापनात चिन्हाच्या जागेइतकाच भर या श्राव्य खुणांवर देणे इष्ट होय. कारण मराठीभाषक विद्यार्थ्याचा कान ज्या अनुस्वारास सरावलेला असतो, त्याचा पर्याय त्याला इंग्रजी षष्ठीच्या प्रत्ययात नव्हे, तर वाक्याच्या रचनेत सापडणार असतो.