टाळीला दोन हात लागतात



गळीत हंगाम भरात आला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या शाळांतही स्नेहसंमेलनांची धांदल उडते. इकडे रात्रंदिवस ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची काट्यावर रांग, तिकडे शाळेच्या पटांगणात मंडप. मी निवृत्त शिक्षक आणि या कारखान्याचा सभासद. अशी संमेलने कितीतरी बसवली, कितीतरी पाहिली. पण गेल्या हंगामातले एक संमेलन काही केल्या मनातून जात नाही. शाळेचे नाव मुद्दाम घालत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे असेच चालते.

पत्रिकेवर वेळ होती सायंकाळी ६ ची. पाहुणे उगवले पावणेआठला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, फेटे, शाली, नारळ. त्यानंतर भाषणे. आम्हा चौघांनाही 'दोन शब्द' बोलायला सांगितले. माझे दोन शब्द २० मिनिटे चालले. पडद्यामागे पोरं तोंडाला पावडर लावून थंडीत कुडकुडत बसलीत, हे मला बोलताना एकदाही आठवले नाही.

पहिला नाच सुरू झाला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. तोवर पाहुणे निघून गेले आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. बापय मंडळी मंडपाबाहेर उभी. "तुझ्या उसाला तोड कधी?" "अजून चिटबॉयच फिरकला नाही बघ." ज्यांची रात्रीच्या विजेची पाळी होती ते मोटार चालू करायला गेले. जे बसले होते त्यांच्या हातात मोबाईल. आपल्या पोराचा नाच झाला, चित्रण झाले, की पोराला उचलून घरी! टाळी वाजवायला दोन हात लागतात, आणि एक हात मोबाईलने धरलेला. एक नाच झाला, दुसरा झाला, नाटुकले झाले. मंडप आपला गप्प.

मग सहावीतली एक मुलगी भारूड घेऊन आली. भारूड म्हणजे एकट्याने म्हणून मोकळे व्हायची गोष्ट नव्हे. १६ व्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडे रचली ती समोरच्या माणसाला बोलते करण्यासाठी. आपल्या मातीतल्या सगळ्या कलांचे असेच आहे. शाहिरामागे झीलकरी लागतो, कीर्तनकाराला श्रोत्यांचा गजर लागतो, सोंगाड्याला समोरून हशा लागतो.

पोरीने सवाल टाकला आणि थांबली. "इथं लोक बोलतील, मग पुढचं म्हण," असे सरांनी तिला महिनाभर घोकून घेतले होते. कोणी बोललेच नाही. तिने परत विचारले. कुणाचा तरी फोन वाजला.

तेवढ्यात खुर्च्यांच्या पलीकडून, उघड्या जमिनीवरून, एका बाईने ओ दिली. अड्ड्यावरच्या ऊसतोड बाया पोरं मांडीवर घेऊन तिथे बसल्या होत्या. पहाटे त्यांना फडात जायचे होते, तरी बसल्या होत्या. त्या हसल्या, पुढच्या सवालाला दोघीतिघींनी उत्तर दिले. मुलगी हळूच त्या कोपऱ्याकडे वळली आणि उरलेले सगळे भारूड तिने तिकडे तोंड करून म्हटले. आम्हा खुर्चीवाल्यांकडे पाठच होती म्हणा ना!

कार्यक्रम संपल्यावर ती मला म्हणाली, "गुरुजी, आमचं काय चुकलं का?" मी "छान झालं" म्हणून वेळ मारून नेली. खरे उत्तर त्या वेळी तोंडातून निघाले नाही. ते आज इथे लिहितो: बाळ, तुझे काही चुकले नाही. चुकले ते आमचे.

बंधूंनो, शाळा समितीवर आपल्यापैकीच माणसे असतात, सत्कारही आपलेच होतात. तेव्हा दुरुस्ती आपल्याच हातात आहे. कार्यक्रम दुपारी ४ ला सुरू करावा, म्हणजे रात्रीच्या पाळीवाल्यालाही बसता येईल. भाषण एकच, तेही ५ मिनिटांचे. सत्कार शेवटी, ज्याला मान हवा त्याने पोरांचे बघून मग घ्यावा. चित्रण एकाने करावे आणि सर्वांना पाठवावे. आणि आपल्या पोराचे झाले तरी शेवटच्या पोरापर्यंत बसावे. तोडणी मजुरांना जमिनीवर नव्हे, आपल्या रांगेत जागा द्यावी.

लागण केल्यावर कोंब वर यायला तीन-चार आठवडे जातात, म्हणून आपण पाणी तोडत नाही. ज्या पोराला आज चार माणसांत धीर आला, तेच उद्या वार्षिक सभेत उभे राहून हिशेब विचारील. त्याला आजच गप्प बसायला शिकवू नका.

येत्या हंगामात मीही जाणार आहे. भाषण करायला नाही, ओ द्यायला.