मामाकडून आलेला पत्ता

समुपदेशक ताईंचा पहिला प्रश्न डोळ्यांविषयी नसतोच. "काकू, तुम्हाला भाऊ किती? रात्री लाइट गेली की त्यांना घरात वावरता यायचं का?" शेजारी त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा बसलेला. त्याला अंधारात दिसत नाही, आता बाजूचंही दिसेनासं झालंय. रेटिनायटिस पिग्मेंटोसा हे निदान झालं, पण ते नुसतं आडनाव. डोळ्याच्या पडद्याचे आनुवंशिक आजार घडवणारी जनुकं अडीचशेहून जास्त आहेत. त्यातलं याचं कोणतं?

ताई वंशावळ काढत जातात. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, आजार असेल तर आत काळं, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. दुहेरी रेघ कुठेच नाही. काळे चौकोन तीन: मुलगा, त्याचा मामा, आईचा मामा. काकूंना स्वतःला काही त्रास नाही, त्यामुळे "माझं कशाला?" चाललेलं. तरी थेंब घालून फोटो काढला. पडद्यावर सोनेरी चकाकी! एक्स गुणसूत्रावरचा दोष वाहणाऱ्या काही बायकांत ती दिसते.

मुलाचा एक्झोम रिपोर्ट मात्र कोरा.

हे कोडं जुनं आहे. एक्सवरचं आरपीजीआर जनुक १९९६ मध्ये सापडलं, पण ज्यांचा आजार त्याच्याकडेच बोट दाखवत होता अशा कितीतरी कुटुंबांत दोष मिळेना. २००० साली एडिनबरोच्या संशोधकांना त्याचा नजरेतून सुटलेला भाग गवसला, ओआरएफ१५. एक्झोम चाचणी डीएनएचे बारीक तुकडे वाचून जागेवर बसवते. ओआरएफ१५मध्ये ए आणि जी हीच अक्षरं पुन्हापुन्हा येतात, सगळे तुकडे सारखेच दिसतात. बसवणार कुठे? कोरा रिपोर्ट म्हणजे 'दोष नाही' नव्हे, हे माझ्या मते त्याच्या पहिल्याच पानावर ठळक छापायला हवं.

मुलाच्या त्या भागाची वेगळी चाचणी झाली. दोन अक्षरं गळालेली. तिथून पुढचं सगळं वाचन सरकलेलं. मामांचं रक्त मागवलं, त्यांच्यातही तेच. काकूंच्या दोन एक्सपैकी एकावर तेच.

अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं लक्सटर्ना हे जनुकोपचाराचं औषध आरपीई६५ या जनुकात दोष असलेल्या रुग्णांसाठीच आहे, या मुलाला त्याचा उपयोग नाही. ताईंनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आणि पोरीचं?" काकूंनी विचारलं. धाकटी नववीत आहे. दोष तिच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. ताई म्हणाल्या, तपासणी आत्ता नको, अठरा पूर्ण झाली की तिचं तिने ठरवावं. काकूंना ते काही पटलेलं दिसलं नाही.