आकाशवाणीची धून आणि ज्यू निर्वासित

तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिन, सूर शिवरंजनीचे. आकाशवाणीची ही संकेतधून परभणी केंद्रामुळे राणीसावरगावसारख्या गावातही घराघरांत पोहोचली. ती बांधणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते वॉल्टर कॉफमन (१९०७–१९८४) ज्यू होते. नाझींची सावली युरोपभर पसरत असताना १९३४ मध्ये ते मुंबईत आले. पुढे त्यांनी मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला.

अशाच आणखी एक ज्यू निर्वासित, व्हिएन्नाच्या नर्तकी हिल्डे होल्गर, १९३९ मध्ये मुंबईत आल्या आणि १९४१ मध्ये त्यांनी नृत्यशाळा काढली. मागे राहिलेली त्यांची आई, बहीण आणि अनेक आप्त मात्र नाझींनी मारले. इकडे त्या विद्यार्थ्यांना पावले शिकवत होत्या आणि तिकडे घर संपत होते.

मुंबई गाठली म्हणजे सुटका झाली, असेही नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने केवळ जर्मन पासपोर्ट पाहून अनेक ज्यूंना ‘शत्रू नागरिक’ ठरवले आणि अहमदनगरच्या छावणीत डांबले. त्या छावणीत नाझी समर्थकही होते. जिवाच्या भीतीने पळालेल्यांना त्यांच्याच शेजारी कोंडणे हा उघड अन्याय होता. मुंबईतील ज्यू रिलीफ असोसिएशनने (स्थापना १९३४) अशांच्या सुटकेसाठी खटपट केली. पुढे पुरंदर किल्ल्यावरही अशी छावणी होती.