पाठीवरची टाकी किती मोठी हवी?

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला सुटीवर जाणाऱ्यांमध्ये आता स्कुबा डायव्हिंगची हौस दिसते. काहीजण एका डुबकीवर न थांबता रीतसर प्रशिक्षण घेतात, पुढे स्वतःची साधनेही जमवू लागतात. तेव्हा प्रश्न येतो हवेच्या टाकीचा. ‘मोठीच घ्या, जास्त वेळ पुरेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. या टाकीला बरेच लोक ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात सहसा आपली साधी हवाच असते. गाळून, कोरडी करून, दाबाने भरलेली. म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी सहा-सात मीटरच्या खाली गेले, तर वाढलेल्या दाबामुळे तोच मेंदूला घातक ठरून झटके येऊ शकतात.

सर्वत्र आढळणारी टाकी म्हणजे ८० घनफुटांची अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यात पाणी भरले तर जेमतेम ११ लिटर मावेल. पण २०० बार दाबाने हवा भरली की तीच टाकी सुमारे २,२०० लिटर हवा साठवते. त्यातला ५० बारचा साठा वर येण्यासाठी आणि अडचणीसाठी राखून ठेवायचा असतो. वापरायला उरते साधारण १,६५० लिटर.

ती किती वेळ पुरेल, हे तुमचा श्वास आणि खोली ठरवतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. पाण्यात हातपाय हलवताना हा आकडा १५ ते २० वर जातो. घाबरलेल्या नवशिक्याचा २५ च्याही पुढे. शिवाय दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट खर्च होते. वीस मीटरवर तिप्पट. त्यामुळे वीस मीटरवर मिनिटाला १५ लिटरवाल्याला ही टाकी सुमारे ३६ मिनिटे पुरते, तर २५ लिटरवाल्याला २२ मिनिटेच.

म्हणून लहान चणीच्या व्यक्तीला मोठ्या टाकीची गरज नसते. मिनिटाला १२ लिटर हवा लागणाऱ्या स्त्रीला नऊ लिटरची टाकी दहा मीटरवर पाऊणतासाहून अधिक पुरते. उलट धिप्पाड माणसाला १२ किंवा १५ लिटरची पोलादी टाकी सोयीची पडते.

मात्र मोठ्या टाकीत एक छुपा धोका आहे. पाण्याखाली जितका वेळ राहाल, तितका नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो. मर्यादा ओलांडून झपाट्याने वर आलात, तर त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसेच. सांधे दुखतात, अंगाला मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. नेहमीच्या तक्त्यांनुसार तीस मीटरवर, वर येताना सक्तीने थांबावे न लागता, साधारण २० मिनिटेच राहता येते. तिथे मिनिटाला २० लिटरवाल्याची ११ लिटरची टाकी साधारण तेवढ्याच वेळात राखीव साठ्यावर येते. पंधरा लिटरची टाकी मात्र २८ मिनिटे पुरते. म्हणजे हवा शिल्लक असते, पण शरीराची मुदत संपलेली असते. उपचारासाठी लागणारे दाबकक्ष देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. म्हणून टाकी कोणतीही असो, नजर दाबमापकावर हवी तशी डायव्ह कॉम्प्युटरवरही हवी.

वजनाचाही विचार करा. भरलेली ८० घनफुटी टाकी सुमारे १७ किलोची असते. पाण्यात ती जाणवत नाही. पण डुबकीनंतर दमलेल्या अंगाने हलत्या होडीची शिडी चढताना जाणवते. पन्नाशीतल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या हृदयाची खरी परीक्षा तिथेच असते. अशांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. त्रास होत असेल तर टाकी होडीवर आधी चढवून द्यावी. दमेकऱ्यांनी तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय उतरूच नये. आकसलेल्या श्वासनलिकांमागे अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावून फुफ्फुसाला इजा करू शकते.

टाकी विकत घेण्याआधी सरावाच्या चार-पाच डुबक्यांत सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, सरासरी खोली आणि वेळ वहीत टिपून ठेवा. त्यावरून प्रशिक्षक तुमचा मिनिटाचा हवेचा खर्च काढून देईल. त्या आकड्याला पुरेल एवढीच टाकी घ्या, तिच्या खांद्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख पाहा आणि राखीव ५० बारला हात लावू नका. शांत, लांब श्वास घ्यायला शिकलात तर बहुधा आहे तीच टाकी पुरेल.